थंडी, गोधडी आणि दिवाळी अंक

डिसेंबर आला की पुण्यातल्या माणसाला सिंहगड आठवतो आणि आमच्या भोकरदनच्या माणसाला गोधडी. केळणा नदीकाठचं गाव, आजूबाजूला मोकळी शेतं, वारा अडवायला काही नाही. अंधार पडला की चहाची टपरी आणि दोन-चार शेकोट्या सोडल्या तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. हुरड्याचं वगैरे कौतुक आम्हा पुणेकरांना (म्हणजे भोकरदनला जन्मून पुण्यात ईएमआय भरणाऱ्यांना). गावातल्या कित्येकांना याच थंडीत गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री शेतावर जावं लागतं, कारण त्या आठवड्यात पंपाची लाइट रात्रीची असते. त्यामुळे 'हिवाळ्याची मजा घरात बसून घ्या' हे वाक्य आमच्याकडे जरा जपूनच बोलावं लागतं.

पण घरातच बसणं भाग असलेली माणसंही असतात. आमचे नाना त्यातले. वय 74, शाळेतून रिटायर्ड, आणि जुना दमा. आई जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात दम लागून चार दिवस दवाखान्यात काढले, तेव्हापासून डॉक्टरांचा हुकूम आहे की ऊन आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत घरात. शेकोटीजवळ तर फिरकायचंही नाही, धूर चालत नाही. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांची जी काही संध्याकाळची बैठक असते तीच बंद. दवाखान्याचं मला तेवढं वाटलं नाही, जेवढं नंतरच्या फोनचं वाटलं. 'हो', 'बरं', 'जेवलो', 'ठेवतो'. रोज एवढंच. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस!

मी पुण्याला चला म्हणत होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तिथं येऊन काय करू? लिफ्टचं बटण दाबत बसू?"

यंदा दिवाळीनंतर वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'दिवाळी अंक योजना सुरू'. आता ही योजना काही नवीन नाही. महाराष्ट्रातली कितीतरी वाचनालयं वर्षानुवर्षं ती चालवतात. एकदाच ठरावीक पैसे भरायचे आणि संक्रांतीपर्यंत, कुठे कुठे त्याच्याही पुढे, वाचनालयात आलेले सगळे अंक आळीपाळीने घरी न्यायचे. हिशेब सोपा आहे. नावाजलेले अंक विकत घ्यायचे तर चार-पाच अंकांतच हजार रुपये उडतात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. जगात सणाला गोडधोड सगळेच करतात, आपण सणासाठी शेकडो मासिकंही छापतो. आणि वेळ बघा! दिवाळी संपते, थंडी सुरू होते, रात्री लांबतात आणि नेमका तेव्हाच वाचायला एवढा ऐवज हातात येतो. कुणी ठरवून केलं नसेल, पण जमलंय झकास.

आमच्या ग्रंथपाल बाई नानांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी यंदा फळ्याखाली एक कागद चिकटवलाय. तो मी फोटो काढून जपून ठेवलाय. 'थंडीत घरी वाचणाऱ्यांसाठी' असं शीर्षक. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. लहान मुलांनी 'किशोर' आधी मागावा, मोठ्यांनी तो अडवून ठेवू नये. शब्दकोडी वहीत उतरवून सोडवावीत, अंकात पेन चालवू नये. राशिभविष्याची पाने फाडू नयेत, पुढच्यालाही रास असते (हे वाचून मी तिथेच हसलो). 'आवाज'च्या खिडक्या हळू उघडाव्यात. आणि शेवटी, ज्यांना येणे होत नाही त्यांचा अंक घरी पोचवला जाईल, नाव नोंदवा.

ही शेवटची ओळ लिहिणं सोपं आहे, निभावणं नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानुसार आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्याच अनुदानातून पुस्तकं, पेपर, भाडं, लाइट बिल आणि पगार. वाचनालयातल्या माणसाला सरकारी नोकरासारखी वेतनश्रेणी नाही. आमच्या कंपनीत पिझ्झा पार्टीचं जेवढं बिल होतं तेवढ्यात ही माणसं महिना काढतात. त्यातून घरपोच सेवा द्यायची म्हणजे मनुष्यबळ कुठून आणणार? तर बाईंनी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना कामाला लावलं. आमच्या गल्लीचं काम एका पोराकडे आलं. तो दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सायकलवर येतो, जुना अंक नेतो, नवा देतो.

पण नानांना बारीक टाइप अर्धा तासाच्या वर वाचवत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. म्हणून त्या पोरानेच पहिल्या आठवड्यात विचारलं, "गुरुजी, मी वाचून दाखवू का?" आता तो एखादी कथा वाचतो, नाना उच्चार सुधारतात, मग चहा होतो आणि मग त्याला इतिहास शिकवला जातो. त्याने मागितलेला नाही, पण तरी शिकवला जातो.

एक दिवस नानांनी त्याला विचारलं की भोगवर्धन म्हणजे काय. पोराला माहीत नव्हतं. त्याचंच गाव! सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावापुढे भोगवर्धन लिहिलेलं आहे, ते हेच भोकरदन मानतात. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि गुप्ते यांचा अहवाल पुढच्या वर्षी छापला गेला. इथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि इटलीत पॉम्पेईच्या राखेत 1938 साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांच्यात इतकं साम्य आहे की ती पॉम्पेईची बाई भोकरदनकडूनच गेली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. ज्वालामुखीचा स्फोट इसवी सन 79 चा, म्हणजे त्याआधीच ती तिथे पोचलेली. नाना हे सगळं मला फोनवर सांगत होते, पंचवीस मिनिटं. मला अर्धं माहीत होतं (लहानपणी हेच ऐकत जेवायचो), पण मी मधे बोललो नाही.

त्या पोराने मग नेपल्सच्या संग्रहालयातल्या मूर्तीचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. नाना म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी नुसतं शिकवत होतो, बघितली आत्ता."

पुण्याला न्यायचा विषय संपलेला नाही. जानेवारीत थंडीचा कडाका वाढला की दमा काय करेल हे मला सांगता येत नाही. रात्री दीड वाजता सायकलवाला पोरगा उपयोगी पडेल की नाही तेही माहीत नाही. त्याची परीक्षा झाली, नोकरी लागली, की तोही जाणार, आणि जावंच त्याने. बहीण म्हणते, उगाच वाचनालयावर भार टाकतोस, सरळ घेऊन ये. तिचंही चूक नाही. मी सध्या एवढंच केलंय की नेब्युलायझर घेऊन दिला, शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवली आणि वाचनालयाला या वर्षी 'धनंजय'चा अंक मिळाला नव्हता तो पुण्यातून घेऊन पाठवला. नानांना रहस्यकथा आवडतात हे बाईंना माहीत आहे, तरी त्यांनी तो रीतसर रजिस्टरला चढवला आणि नंबर लावून दिला. नाना सहावे आहेत.

काल सातला फोन केला तर म्हणाले, "आत्ता नको, गोष्ट अर्धी राह्यली आहे. नऊला कर."