पांच-नऊचा शिष्टाचार

हौशी रेडिओचालकांच्या जगांत खोटें बोलणें शिष्टसंमत मानलें जातें, असें म्हटल्यास माझे समव्यसनी बंधु रागावतील. पण त्याला माझा इलाज नाहीं. आमच्यांत दोन केंद्रांची गांठ पडली, कीं समोरच्याचा आवाज आपणांस कसा ऐकूं येतो हें दोन आंकड्यांत सांगावयाचें असतें. पहिला आंकडा स्पष्टतेचा, एक ते पांच. दुसरा जोराचा, एक ते नऊ. तेव्हां 'पांच-नऊ' म्हणजे उत्तमांतलें उत्तम. एरव्हींच्या गप्पांत हा अहवाल बहुधा प्रामाणिक असतो. परंतु स्पर्धा सुरू झाली, कीं ज्याचें नांव समजून घेण्यासाठीं आपण चार वेळां 'पुन्हां सांगा, पुन्हां सांगा' म्हणून घसा कोरडा केला, त्यालाहि शेवटीं ठणठणीत 'पांच-नऊ'च दिलें जातें! लग्नाच्या पंगतींतला मठ्ठा कितीहि आंबट असला तरी यजमानाला आपण 'वा, फक्कड!' म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार.

आमच्या मोठ्या स्पर्धांपैकीं एक म्हणजे 'सी-क्यू वर्ल्ड वाइड'. तिचा बोलण्याचा भाग दरवर्षीं ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारीं होतो. आपल्याकडे शनिवारीं पहाटे साडेपांचाला ती सुरू होते आणि ४८ तासांनीं संपते. तिच्यासाठीं पृथ्वीचे ४० विभाग कल्पिले आहेत. आपण २२ व्या विभागांत मोडतों. मीं 'पांच-नऊ, बावीस' म्हणावें, समोरच्यानें आपल्या विभागाचा आंकडा सांगावा, कीं झाला एक संवाद. दुसऱ्या खंडांतलें केंद्र असेल तर तीन गुण. आणि प्रत्येक नवा देश व नवा विभाग एकूण गुणांचा गुणक वाढवितो.

या धांदलीला कायद्यापेक्षां शिष्टाचारच अधिक आवर घालतो. फ्रीक्वेन्सी कोणाच्याहि मालकीची नाहीं. म्हणून जागा मोकळी वाटली तरी आधीं 'येथें कोणी आहे काय?' असें विचारावें. प्रत्येकाला सरकारनें अक्षरें व अंक मिळून झालेली एक कॉलसाइन दिलेली असते. ती पुरी आणि एकदांच सांगावी. अक्षरांत घोटाळा होऊं नये म्हणून 'ए'ला 'अल्फा', 'टी'ला 'टँगो' असें म्हणतात. कोणी अर्धवट ऐकून 'टँगोवाले, पुन्हां सांगा' म्हटलें, तर ज्याच्या कॉलसाइनमध्यें टँगो नाहीं त्यानें मुकाट राहावें. ३०, १७ आणि १२ मीटरच्या पट्ट्यांवर स्पर्धेचा पाय पडूं देऊं नये. निवांत गप्पा मारणाऱ्यांना तेवढा तरी आसरा हवा. हे सारे नियम मला तोंडपाठ होते, हें येथें नमूद करून ठेवतों.

२०१६ सालीं स्पर्धेचा शनिवार नेमका नरकचतुर्दशीला आला. अभ्यंगस्नानाचा मुहूर्त आणि स्पर्धेचा मुहूर्त एकच! सौभाग्यवतींनीं आंतून तीनदां हांक मारली, "अहो, पाणी निवतंय!" आणि कानांवर कर्णयंत्र चढवून बसलेल्या मीं तीनहि वेळां "हो, ऐकलं" असें उत्तर दिलें.

दुपारीं १५ मीटरच्या पट्ट्यावर मोठ्या प्रयासानें एक जागा मिळवून मी जपानी केंद्रांना हांका मारीत बसलों होतों. माझ्या यंत्राची शक्ति शंभर वॅट, म्हणजे घरांतल्या एका जुन्या दिव्याइतकी; स्पर्धेच्या वरच्या वर्गांत दीड हजार वॅटपर्यंत मुभा असते. अशाच एका बलाढ्य केंद्रानें, कोणालाहि न विचारतां, माझ्याच जागीं येऊन दुकान थाटलें. 'जागा चालू आहे' असें मीं दोनदां विनयानें आणि तिसऱ्यांदां विनय सोडून सांगितलें. त्याला ऐकूं येत नसावें, किंवा ऐकूं येऊनहि येत नसावें. दहा मिनिटांत मीं गाशा गुंडाळला. जगांतला शिष्टाचार कसा बुडाला यावर फराळ करतांना मुलांपुढें मीं एक व्याख्यानहि झोडलें.

संध्याकाळीं घरोघरीं रोषणाई लागली. एल. ई. डी.च्या त्या स्वस्त माळा डोळ्यांना कितीहि सुखवीत असल्या, तरी त्यांतल्या कांहींमधून रेडिओलहरींचा असा गोंगाट निघतो, कीं क्षीण आवाज त्यांत बुडूनच जावा. २० मीटरवर युरोप खुला झाला होता, आणि नवल असें कीं लोक मलाच हांका मारीत होते! एकाच वेळीं वीस-पंचवीस माणसें आपल्याशीं बोलण्यासाठीं धडपडत आहेत, असा योग मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यांत वारंवार येत नाहीं. त्या गर्दींतून एक अगदीं बारीक आवाज आला. शेवटचें 'टँगो' तेवढें कळलें. "टँगोवाले, पुन्हां सांगा," मीं म्हटलें. तो आवाज पुन्हां उमटला, आणि त्याच क्षणीं, ज्याच्या कॉलसाइनमध्यें टँगो औषधालाहि नव्हता, असा एक दांडगा गडी त्याच्यावर चढला. त्याला थांबवून मीं बारीक आवाजाकडे परत जावयास हवें होतें. पण तेवढ्या वेळांत दोन संवाद झाले असते! मीं दांडग्याचीच नोंद केली, आणि एक सेकंद वांचविण्यासाठीं त्याची कॉलसाइनहि न उच्चारतां "पांच-नऊ, बावीस, आभारी आहें" म्हणून पुढें गेलों. बारीक आवाज पुन्हां आला नाहीं. दमला असेल, असें मी समजलों.

स्पर्धेनंतर सर्वांच्या नोंदवह्या संगणकावर एकमेकींशीं ताडून पाहिल्या जातात. एखाद्यानें लिहिलेला संवाद समोरच्याच्या वहींत नसला, तर तो रद्द होतो आणि वर त्याच्या गुणांच्या दुप्पट दंड बसतो. कांहीं महिन्यांनीं माझा तपासणी-अहवाल हातीं आला. माझ्या चुका वाचून झाल्यावर शेवटीं एक लहानशी यादी दिसली: ज्यांनीं माझ्याशीं संवाद झाल्याचें लिहिलें, पण ज्यांचें नांव माझ्या वहींत नव्हतें, अशांची. तींत हिंदी महासागरांतल्या एका बेटावरचें केंद्र होतें. कॉलसाइनचें शेवटचें अक्षर टँगो! या वह्या सर्वांना पाहतां येतात. त्याची वही उघडून मीं वेळ ताडून पाहिली. माझें तें बिनपत्त्याचें 'पांच-नऊ, बावीस' त्यानें आपल्यालाच उद्देशून आहे असें मानलें होतें. त्याचे तीन गुण गेले, आणि वर सहांचा दंड. शिवाय तो देश त्या दोन दिवसांत मला दुसरीकडे कोठेंच भेटला नव्हता. ज्या गुणकासाठीं मी रात्र जागलों, तो आपल्या पायांनीं दाराशीं येऊन परत गेला होता. पण त्याचें दुःख थोडें. खरें दुःख हें, कीं दुपारीं ज्या बलाढ्याच्या नांवानें मीं बोटें मोडलीं, त्याच्याच खुर्चीवर संध्याकाळीं मी बसलों होतों.

खेळांतल्या नऊ गुणांचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. डिसेंबर २००४ मध्यें हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचें एक पथक अंदमानांत पोर्ट ब्लेअरला गेलें होतें, तें जगभरच्या हौशी मंडळींशीं संवाद साधण्यासाठींच. २६ तारखेला त्सुनामी आली. संवादांची मोजणी तेथेंच थांबली, आणि तींच माणसें बेटांवरच्या आपद्ग्रस्तांचे निरोप देऊं-घेऊं लागलीं. अशा वेळीं नांवांतलें एक अक्षर चुकलें, तर जातें तें गुणांपेक्षां फार मोठें असतें. गोंगाटांतून क्षीण आवाज वेंचून काढण्याची संवय स्पर्धेंत लागते, म्हणूनच स्पर्धेला कांहीं अर्थ आहे. आणि मीं त्या संध्याकाळीं नेमकी त्याच संवयीला रजा दिली होती.

त्या बेटावरच्या गृहस्थांना पत्र धाडून मीं क्षमा मागितली. उत्तर आलें, कीं अशा यादींत त्यांनींहि पुष्कळांना घातलें आहे. पुढच्या वर्षीं भेटूं. हा सारा प्रकार मीं सौभाग्यवतींना सांगितला. त्या भाजी निवडीत होत्या.

"म्हणजे न ऐकतांच पांच-नऊ म्हणालात तर?"

"होय."

"आणि त्या पहाटे मी पाण्याला बोलावत होतें, तेव्हां तीनदां काय म्हणालात?"

मजपाशीं उत्तर नव्हतें. हल्लीं प्रत्येक संवादाच्या शेवटीं मी समोरच्याची कॉलसाइन पुरी उच्चारतों. तासाला पांच-सात नोंदी कमी होतात, होवोत. घरांतून हांक आल्यावर काय करावें, याचाहि अभ्यास चालू आहे. पण तेथला अहवाल अद्याप पांच-नऊवर गेलेला नाहीं.