पोतोसीच्या चांदीची बोली

सुक्रेहून पोतोसीला बसने साधारण तीन तास लागतात. रस्ता सतत चढत जातो. झाडं विरळ होतात, डोंगर उघडेबोडके दिसू लागतात आणि चार पावलं टाकली तरी धाप लागते. बोलिव्हियातल्या या सुक्रेचं एक जुनं नाव ‘ला प्लाता’, म्हणजे चांदी. पोतोसीवर हुकमत असलेलं स्पॅनिश राजवटीचं उच्च न्यायालय याच शहरात होतं. स्पेनमध्ये पैशाला ‘दिनेरो’ म्हणतात. इथे बसस्थानकात, बाजारात, फोनवरच्या भांडणात सगळीकडे ‘प्लाता’च ऐकू येतं. दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात पैसा म्हणजे आजही चांदीच. ती जिथून निघाली तो डोंगर पाहायला मी निघालो होतो.

शेजारी केचुआ या आदिवासी समाजातल्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर रंगीत विणीच्या कापडात बांधलेलं गाठोडं. नातवाच्या वयाच्या कंडक्टरने ते उचलायला सांगितलं, तेही अरे-तुरेच्या सुरात. आजींनी गाठोडं सरकवलं आणि त्याला ‘पात्रोनसितो’ म्हटलं. पात्रोन म्हणजे मालक. ‘सितो’ हा त्याला जोडलेला आर्जवाचा प्रत्यय. जमीनदारीच्या काळात कसायला तुकडा मिळावा म्हणून इथली कुटुंबं मालकाच्या घरी फुकट राबत. ही वेठ कागदोपत्री 1945 मध्ये बंद झाली. खरी मोडली ती 1952 च्या क्रांतीनंतर, 1953 च्या जमीन सुधारणेने. पण तिकीट काढून बसलेल्या बाईच्या तोंडून मालक हा शब्द अजून निघतो. आपल्याकडे सावकारापुढे हात जोडून म्हटलेलं ‘मायबाप’ मला आठवत राहिलं.

पोतोसी सुमारे 4,000 मीटर उंचीवर आहे. शहरात कुठेही उभं राहा, तांबूस, शंकूसारखा सेर्रो रिको समोर दिसतोच. सेर्रो रिको म्हणजे श्रीमंत डोंगर. 1545 मध्ये इथे चांदीचं काम सुरू झालं आणि स्पॅनिशला एक वाक्प्रचार मिळाला: ‘वाले उन पोतोसी’, एका पोतोसीच्या मोलाचं. गुणी माणसाबद्दल, मौल्यवान वस्तूबद्दल स्पेनमध्ये तो आजही कौतुकाने वापरतात. 1615 मध्ये आलेल्या ‘दोन किखोते’ या कादंबरीच्या दुसऱ्या भागातही या खाणी अमाप संपत्तीचं माप म्हणून येतात.

या मापात माणसं मोजलेली नाहीत. 1570 च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने इंका काळातल्या ‘मिता’ या श्रमपद्धतीची सक्तीची वेठ केली. 16 प्रांतांतून, सात कर्त्या पुरुषांमागे एक, असे दरवर्षी सुमारे 13,000 पुरुष खाणीसाठी आणले जात. बायकामुलं आणि लामांसह कित्येक जण महिना-दोन महिने चालत येत. बोगद्यातली धूळ, चांदी वेगळी करायला लागणारा पारा आणि उपासमार यांनी किती जीव घेतले, त्याचा हिशेब कुठल्याच वाक्प्रचारात उतरला नाही.

शहरातल्या जुन्या टांकसाळीत चांदीच्या पट्ट्या लाटणारी लाकडी यंत्रं अजून उभी आहेत. ती खेचरं फिरवत. इथली नाणी सुरतेपर्यंत पोचली आणि वितळून मुघल रुपये झाली. टांकसाळीत आफ्रिकेतून आणलेले गुलामही राबत. काबाडकष्टाला स्पॅनिशमध्ये ‘काळ्यासारखं राबणं’ म्हणतात, ते अशाच श्रमांतून आलेलं. बोलिव्हियात काळा माणूस दिसला की शेजाऱ्याला चिमटा काढून ‘सुएर्ते, नेग्रितो’, म्हणजे ‘नशीब, काळ्या’, म्हणायची रीत आहे. म्हणे नशीब उघडतं. ज्याला पाहून ते म्हटलं जातं, त्याला दर वेळी हे ऐकून घ्यावं लागतं.

खाणीत नेणारा वाटाड्या स्वतः पूर्वी खाणकामगार होता. कामगारांशी तो केचुआत बोलत होता. त्याने सांगितलं, शाळेत केचुआ बोललं की मास्तर ओरडत, ‘आब्ला एन क्रिस्तियानो’, ख्रिश्चन भाषेत बोल! म्हणजे स्पॅनिशमध्ये. आणि कुणाचा राग अनावर झाला की लोक म्हणतात, त्याच्यातला ‘इंदियो’, म्हणजे आदिवासी, बाहेर आला. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही, पण चालणं थांबलं.

2009 च्या राज्यघटनेने स्पॅनिशबरोबर 36 आदिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. त्याआधीच्या वर्षी सुक्रेच्या मुख्य चौकात आदिवासी शेतकऱ्यांना उघडं करून गुडघे टेकायला लावलं होतं. 2010 मध्ये वर्णभेदाविरुद्ध कायदा आला.

पोतोसीहून मी एल आल्तोला गेलो, ला पाझच्या माथ्यावरच्या, आयमारा या आदिवासी समाजाच्या शहरात. पोयेरा हा घेरदार घागरा आणि गोल हॅट घालणाऱ्या बायकांना ‘चोला’ म्हणून हिणवलं जाई. 1930 च्या दशकात ला पाझच्या ट्राममध्ये चढायला त्यांना मज्जाव झाला, तेव्हा स्वयंपाकिणींनी संघटना उभारली. आज त्यांच्या नाती तोच पोशाख घालून व्यापार करतात, संसदेत बसतात. बाजारात एका सुटाबुटातल्या गिऱ्हाइकाने बटाटेवालीला ‘कासेरिता’ म्हणून हाक मारली. तिनेही त्याला ‘कासेरितो’ म्हटलं. नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीची दुकानदारीण, दोघांना एकच शब्द. पात्रोनसितो एकाच दिशेने जातो. हा मात्र दोन्हीकडून ये-जा करतो. स्पॅनिश भाषा इथल्यांची झाली आहेच. ती बरोबरीची होण्याची सुरुवात मला या भाजीबाजारात दिसली.