रिकाम्या बाटलीची अनामत

माझा भाचा गेल्या महिन्यात सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून म्युनिकला येऊन आमच्याकडे राहिला आणि त्या मुक्कामात पाण्याच्या, सरबताच्या ज्या म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या घरात रिकाम्या झाल्या, त्या सर्व त्याने अंगी मुरलेल्या नागरिकधर्माला अनुसरून दोन्ही हातांनी पिळल्या, टाचेखाली दाबून चपट्या केल्या आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठ्या समाधानाने रचून ठेवल्या. त्या रचनेवर दृष्टी पडताच माझ्या तोंडून जो उद्गार बाहेर पडला, तो पाहुण्यासमोर काढण्याजोगा खचितच नव्हता. भाच्याला माझ्या संतापाचे कारण उमगेना. "मामा, आपल्याकडं बाटलीवरच लिहिलेलं असतंय की, पिऊन झाल्यावर चुरगाळा म्हणून," असे तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. माझा संतापही निराधार नव्हता. कारण त्या ढिगातील प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट, म्हणजे आजच्या भावाने सुमारे २५ रुपये, अशी माझी अनामत रक्कम अडकलेली होती. एकच रिकामी बाटली सोलापुरात चुरगाळणे हे कर्तव्य ठरते आणि म्युनिकमध्ये तो उधळेपणा ठरतो, या विसंगतीचा उलगडा करण्याचे मी त्याला कबूल केले. तो त्याला कितपत पटला हे ठाऊक नाही, म्हणून आता तो वाचकांपुढे ठेवतो.

जर्मनीत पाण्याची बाटली विकत घेताना आपण पाण्याची किंमत देतो आणि बाटलीची अनामत वेगळी भरतो. स्वस्ताईच्या दुकानात तर ही अनामत पाण्याच्या किमतीएवढी, क्वचित तिच्याहून अधिकही असते, आणि पावतीवर ती वेगळ्या ओळीत, सरकारी दप्तरातील नोंदीच्या गांभीर्याने, दाखल केलेली असते. या व्यवस्थेचे मूळ १९९१ च्या वेष्टनविषयक फर्मानात आहे. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण शेकडा ७२ च्या खाली घसरले, तर एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत बसेल, अशी धमकीवजा तरतूद तत्कालीन पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योप्फर यांनी त्यात करून ठेवली होती. धमकी प्रत्यक्षात येणार नाही असा व्यापाऱ्यांचा भरवसा होता. प्रमाण घसरत गेले, आणि अखेरीस १ जानेवारी २००३ रोजी युर्गेन ट्रिटिन या हरित पक्षाच्या मंत्र्याने ती अमलात आणली. त्यानंतरची दोन-तीन वर्षे गोंधळाचीच होती. अमक्या दुकानाची बाटली तमक्या दुकानात चालत नसे आणि ग्राहकाने रिकाम्या बाटल्यांचे ओझे घेऊन बाटलीच्या जन्मस्थानाचा शोध करीत फिरावे असा शिरस्ता पडला होता. तो मे २००६ मध्ये बंद झाला. २०२२ पासून फळांच्या रसाच्या आणि २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्याही या नियमाखाली आल्या. आज अशा बाटल्यांपैकी जवळजवळ सर्वच, शंभरातील सुमारे ९८, परत येतात.

आता आपल्याकडचा चुरगाळण्याचा उपदेश पाहा. तो स्वच्छतेसाठी आहे असे भाच्याला वाटत होते, आणि काही अंशी तसे असेलही. परंतु त्याचे खरे कारण असे की रेल्वेच्या फलाटावर, एस.टी.च्या स्थानकावर टाकून दिलेली अखंड बाटली कोणीतरी उचलतो, नळाच्या पाण्याने भरतो, झाकण बसवतो आणि पुन्हा विकतो. बाटली मोडणे हा तेथे भेसळीविरुद्धचा बंदोबस्त आहे. म्युनिकमध्येही बाटली मोडली जातेच, पण ती मोडण्याचा अधिकार ग्राहकाचा नव्हे, यंत्राचा. दुकानाच्या दारालगत भिंतीत बसवलेल्या यंत्राच्या तोंडात बाटली घातली की ते तिला गोल फिरवून तिच्यावरील पट्ट्यांचा संकेत आणि बाटली-डबा-बाण ही खूण वाचते, खात्री पटली की अनामत जमा धरते, आणि मगच आतल्या आत तिचा चुराडा करते, जेणेकरून त्याच बाटलीवर दुसऱ्यांदा पैसे वसूल होऊ नयेत. म्हणजे संशय दोन्हीकडे सारखाच आहे.

या यंत्रापुढे मी उभा असतो तेव्हा मला आमच्या पेठेतील बोहारीण आठवते, आणि ही तुलना मी घरात इतक्या वेळा केली आहे की माझी पत्नी आता ती पुरी होऊ देत नाही. येथे मला अडवणारे कोणी नाही.

डोक्यावरच्या पाटीत स्टीलची पातेली, डबे, वाट्या नि झारे यांची चकचकीत उतरंड आणि खांद्यावर जुन्या कपड्यांचे गाठोडे घेऊन ती दुपारी, घरातले पुरुष कामावर गेले आणि बायकांची जेवणे आटोपली म्हणजे, गल्लीत शिरे. ओट्यावर पाटी उतरवून ती प्रथम पाणी मागे. मग आईने आणलेले एकेक लुगडे उलगडून उन्हापुढे धरी, काठ अंगठ्याखाली घासून पाही, आणि "काकू, जर गेलीय की हो हिची," असे जे म्हणे, ते पुढल्या तासाभराच्या वाटाघाटींचे केवळ मंगलाचरण असे. आईचे लक्ष झाकणाच्या पातेल्यावर, बोहारणीचे लक्ष अजून घरात राहिलेल्या वडिलांच्या कोटावर. ती पातेले पाटीत परत ठेवी, आई लुगडी घडी करू लागे, ती पाटी उचलून चार घरे पुढे जाई, आणि मग आई मला तिच्यामागे पिटाळी. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही भाषांत तिला घासाघीस करता येई, कारण आमच्या एका गल्लीत या चारही भाषा नांदत होत्या. सोलापुरी चादर मात्र तिच्या गाठोड्यात मी सहसा पाहिली नाही. ती विटली, विरली की वाकळेच्या पोटात जाई आणि तेथून पुढे तिचा कोणालाही हिशेब लागत नसे. आज त्या चादरीला भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली आहे, आमच्या घराने तिचा हा गुण सनदेवाचून जाणला होता.

यंत्राजवळ यातले काहीच नाही. ते पाणी मागत नाही, चार घरे पुढे जाऊन परत येत नाही, आणि त्याचा भाव कायद्याने बांधलेला असल्याने त्याला घासाघीस ठाऊक नाही. याचा लाभ असा की लाजऱ्या माणसाला, बोलभांड माणसाला, आणि भाषा धड न येणाऱ्या परक्या माणसालाही एकच दर मिळतो, आणि जर्मन व्याकरणाचे अपराध पोटात घालणाऱ्या ज्या मोजक्या संस्था या शहरात आहेत, त्यांत मी या यंत्राची अग्रक्रमाने गणना करतो. तथापि यंत्राला केवळ त्याच्या यादीतलीच वस्तू कळते. यादीबाहेरची बाटली ते निर्विकारपणे परत ढकलते. बोहारीण कशालाही नाही म्हणत नसे. फाटक्या परकराचीही तिच्याकडे काही ना काही किंमत असे, मग ती एका चमच्याची का असेना. दोहोंपैकी कोणाची बाजू घ्यावी हा माझा विषय नव्हे. पण आईने मिळवलेले ते पातेले अजून घरात वापरात आहे, एवढे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

या उन्हाळ्यात सोलापूर, पुणे, नाशिक येथून मुलांकडे येऊ घातलेल्या मंडळींसाठी काही व्यावहारिक सूचना येथेच करतो, म्हणजे घरोघरचे वाद वाचतील. बाटली चेपू नये आणि तिच्यावरचा कागद सोलू नये. आपल्याकडील गृहिणींना बाटली धुऊन, कागद काढून, तिच्यात डाळ भरण्याची जी सवय आहे, ती येथे २५ सेंटांना पडते. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांची जात निराळी: बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, पाण्याच्या जाड बाटलीवर सामान्यतः १५, आणि त्यांच्या रिकाम्या क्रेटवर दीड युरो. क्रेटसाठी यंत्राच्या तळाशी वेगळे दार असते. वाइनच्या बाटलीवर आणि लोणच्याच्या बरणीवर अनामत नाही. त्या रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीत पांढरी, हिरवी, तपकिरी असा वर्णभेद पाळून टाकायच्या, आणि रविवारी मुळीच नाही, कारण काच फुटण्याच्या आवाजाने शेजाऱ्यांच्या विश्रांतीचा भंग होतो. यंत्रातून निघणारी चिठ्ठी गल्ल्यावर दिली की रक्कम बिलातून वजा होते किंवा रोख मिळते. कायद्याच्या सामान्य मुदतीप्रमाणे ती चिठ्ठी सुमारे तीन वर्षे वैध मानली जाते. परंतु तिच्यावरची शाई तितकी टिकत नाही, म्हणून ती त्याच दिवशी वटवावी. छोट्या दुकानांना, ज्यांचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटरांपेक्षा कमी आहे त्यांना, आपण विकतो त्याच नाममुद्रेच्या बाटल्या घेण्याची मुभा आहे. तेथे पिशवीभर बाटल्या घेऊन जाऊन भांडण उकरू नये.

आणि चेपलेल्या बाटलीचे काय? तिच्या तोंडाला तोंड लावून जोराने हवा फुंकावी. भाचा आणि मी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून गाल फुगेपर्यंत हा उद्योग केला, आणि पुष्कळ बाटल्या यंत्राला पटण्याइतपत बाळसे धरून वर आल्या. ज्या उरल्या, त्यांच्याविषयी माहिती असावी की खूण वाचता येत असेल तर दुकानदाराने चेपलेली बाटलीही हाताने परत घेतली पाहिजे. गल्ल्यावरच्या बाई प्रथम नाही म्हणाल्या. मी आर्जवाने खूण दाखवली. त्यांनी बाटली उन्हापुढे नव्हे तरी दिव्यापुढे धरली, आणि मागे रांग वाढते आहे हे पाहून मोठ्या नाराजीने पैसे दिले. भाच्याला त्या दिवशी जर्मनी प्रथमच ओळखीची वाटली.

या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या बाटल्या परत येत नाहीत त्यांची अनामत सरकारजमा होत नाही. ती पेयांचे उत्पादक आणि बाटल्या भरणारे यांच्याकडेच राहते. शंभरातील दोन बाटल्या म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण देशभरच्या विक्रीत ती किरकोळ रक्कम राहत नाही. आणि मध्यवर्ती स्थानकाच्या आसपास, इसार नदीच्या काठी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी कचरापेट्यांत हात घालून बाटल्या शोधणारी वृद्ध माणसे दिसतात, कित्येकदा स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यातली. निवृत्तिवेतन पुरत नाही म्हणून ती हे करतात. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून सभ्य तरुण आपली बाटली पेटीच्या पायथ्याशी उभी ठेवून जातात. हा शिष्टाचार सुंदर आहे. एवढ्या संपन्न देशात तो आवश्यक व्हावा हे मात्र मला कधीच सुंदर वाटलेले नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटलीवर परतीची किंमत छापण्याची तजवीज होती: लिटरच्या बाटलीला १ रुपया, अर्ध्या लिटरच्या बाटलीला २. ती कागदावरच राहिली. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकमावरून २०२२ मध्ये निलगिरीत दारूच्या बाटलीवर १० रुपयांची अनामत सुरू झाली, आणि आपल्या शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. एक-दोन रुपयांसाठी बाटली घेऊन कोणी दुकानी परत जात नाही, हा धडा यातून घेण्याजोगा आहे. रक्कम अशी हवी की बाटली टाकताना माणसाचा हात थबकला पाहिजे.

मात्र योजना आणताना म्युनिकची यंत्रे आणू नयेत. सोलापुरात भंगारवाला आहे, रद्दीवाला आहे, पहाटे खांद्यावर पोते घेऊन गल्ल्या पालथ्या घालणाऱ्या बायका आहेत. बाटलीमागे ठरलेली अडत त्यांच्या हाती पडेल आणि न परतलेल्या बाटल्यांची रक्कम कारखानदाराकडे न राहता त्यांच्या कल्याणनिधीत जाईल, असे दोन नियम महापालिकेने आणि शासनाने करावेत. ज्या वाचकांची आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाशी ओळख असेल, त्यांनी हा विषय एकदा त्यांच्या कानावर घालावा, ही विनंती.