असीरगडचा घाट आणि मोटारीचे गिअर

बऱ्हाणपूर हे नगर दोन प्रकृतींच्या सीमेवर वसले आहे. दक्षिणेस तापीकाठची काळी, सपाट भूमी व पलीकडे खानदेश. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा. त्या रांगांत सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड उभा आहे. दख्खनमध्ये उतरणाऱ्या वाटेवर त्याचा पहारा असे. दीर्घ वेढ्यानंतर १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला. आज त्याच वाटेने आपली मराठी कुटुंबे इंदूरला ये-जा करतात, आणि प्रवासात एक वाद हमखास रंगतो: गिअर हाताने बदलायची गाडी अधिक दमदार, की आपोआप बदलणारी?

आमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत. आमची गाडी हातगिअरची, तर आमच्या कन्येची ऑटोमॅटिक. ती नातवंडाला घेऊन वरचेवर इंदूरहून हा घाट उतरते. त्यामुळे हा वाद आम्हांस केवळ गप्पांचा विषय राहिलेला नाही.

प्रथम शहर पाहू. शनवाऱ्यापासून बाजारात शिरले, की हातगाड्या, रिक्षा आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेली वाहने यांतून गाडी पावलापावलाने सरकते. येथे हातगिअरच्या चालकाचा डावा पाय क्लचवरून उचलतच नाही. ऑटोमॅटिकवाला मात्र निश्चिंत असतो. बाजारापुरता निकाल उघड आहे.

शहर सोडून निंबोल्याकडे निघालो, की पुढे केळीचा ट्रक येतो. त्याला ओलांडताना जोर हवा असतो. हातगिअरचा जाणता चालक आधीच तिसरा गिअर टाकून संधीची वाट पाहतो. ऑटोमॅटिक गाडीला समोरचा रस्ता दिसत नाही. पाय जोराने दाबल्यावरच ती खालच्या गिअरवर येते, आणि त्यात क्षणभर जातो. मारुतीच्या सेलेरिओने २०१४ मध्ये आपल्याकडे रूढ केलेल्या स्वस्त पद्धतीत तो क्षण विशेष जाणवतो. कारण तेथे क्लच व गिअर नेहमीचेच असतात, फक्त ते हलविण्याचे काम यंत्र करते.

तथापि जुना समजही आता तपासून पाहिला पाहिजे. अमेरिकेत १९३९ मध्ये ओल्डस्मोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक आले, तेव्हा गिअर चारच होते आणि शक्ती तेलाच्या माध्यमातून जाताना काही वाया जाई. हातगिअरमध्ये इंजिन व चाके यांची सांगड थेट असते, म्हणून तीच गाडी चपळ ठरे. आता आठ-आठ गिअरचे ऑटोमॅटिक आहेत; वेग घेतल्यावर त्यांतील तेलाचा दुवा कुलूपबंद होऊन शक्ती सरळ चाकांकडे जाते. दोन क्लचच्या पद्धतीत तर पुढचा गिअर आधीच सज्ज असतो. निव्वळ वेगाच्या शर्यतीत उत्तम चालकाचा हातही त्यांच्यापुढे मंद पडतो.

परंतु घाटात दम म्हणजे केवळ वेग नव्हे. असीरगडाची चढण दोन्ही गाड्या चढतात. खरी परीक्षा उतारावर होते. खालच्या गिअरमध्ये पाय उचलला, की चाकांनाच इंजिन फिरवावे लागते आणि गाडी आपोआप आवरली जाते. वरच्या गिअरमध्ये हा आधार कमी मिळतो. मग सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटू लागते. ‘डी’वर सोडलेली ऑटोमॅटिक गाडी पाय उचलताच अनेकदा वरचा गिअर घेते. काही नव्या गाड्या उतार ओळखतात, परंतु सगळ्याच नव्हे.

म्हणून कन्येस आम्ही एवढेच सांगितले आहे: उतार लागण्यापूर्वीच दांडा ‘एल’वर किंवा हाताने गिअर निवडण्याच्या खाचेत आणावा; ज्या गिअरने घाट चढतो, साधारणतः त्याच गिअरने तो उतरावा; आणि गाडी कधीही ‘न्यूट्रल’ करू नये. हातगिअरवाल्यासही हाच नियम लागू आहे. पेट्रोल वाचेल या समजुतीने उतारावर गिअर काढणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः आजच्या बहुतेक गाड्यांत गिअर लागलेला असता व पाय उचललेला असता इंजिनाचे इंधन बंदच होते.

तेव्हा वाचकहो, बाजारात वावर असणाऱ्याने खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी, ज्याला हाताने गिअर बदलण्यात रस आहे त्याने हातगिअरची घ्यावी. यंत्र गिअर बदलील. पण पुढे वळणापाशी उतार आहे, हे आधी ओळखण्याचे काम चालकाचेच आहे.