अष्टमीची भरती

एप्रिलभर आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर ब्रेडबोर्ड, टीपॉयवर सोल्डरिंग गन, टीव्हीखाली चार्जरांचं जाळं आणि मधोमध फतकल मारून बसलेली चार मुलं. एक माझी लेक, बाकीचे तिचे ग्रुपमेट. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखंच असतं. फरक एवढाच की मुहूर्त पक्का असतो आणि नवरदेवाचा पत्ता नसतो. आमचा मुहूर्त होता बुधवारचा, सबमिशनचा.

कळंबोलीजवळच्या रोडपालीत आम्ही राहतो ती इमारत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहे. म्हणजे सिडकोने ज्यांची शेतं घेतली त्यांना परत मिळालेल्या तुकड्यावर. रात्री खिडकी उघडी राहिली तर वारा तळोजा एमआयडीसीकडून येतोय की खाडीकडून, हे नाकालाच कळतं. कासाडी नदी त्या कारखान्यांच्या अंगाने येते आणि आमच्या जवळून खाडीकडे जाते. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे फिरू लागले, त्यांचे फोटो देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही छापून आले. रंगाच्या कारखान्याचं पाणी अंगाला लागून ते निळे झाले होते. लेक तेव्हा शाळेत होती. तिने एक फोटो कापून वहीत चिकटवला होता. चौथ्या वर्षाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाकीचे ग्रुप चेहरे ओळखणारे कॅमेरे नि हजेरी घेणारी यंत्रं करत होते. ही म्हणाली, आपण कासाडीचं पाणी मोजू.

मोजणं हा माझा धंदा आहे. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर बसतो. भरलेला ट्रक चढवायचा, वजन घ्यायचं, रिकामा झाला की पुन्हा चढवायचा, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. त्यामुळे लेकीने आपल्याच लायनीतला विषय घेतला म्हणून मला मनातून बरं वाटलं होतं. ते मी बोलून दाखवलं नाही, ही गोष्ट वेगळी.

यंत्र म्हणजे एक प्लॅस्टिकचा डबा. आत आर्डुइनो उनो, बाहेर दोन प्रोब. हार्बरने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. एक प्रोब पीएच सांगतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे. दुसरा टीडीएस, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते. पीएचच्या प्रोबला टोकाशी काचेचा नाजूक फुगा असतो. तो कोरडा पडला की कामातून गेला, म्हणून त्याला पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाची टोपी घालून ठेवतात. आमच्याकडे त्या टोपीची काळजी घरातल्या तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखी घेतली जायची.

फेब्रुवारी सगळा एका भुताने खाल्ला. प्रोब एकेकटे बादलीत सोडले तर शहाण्यासारखे वागायचे, दोन्ही एकत्र सोडले की पीएचचा आकडा नाचायला लागायचा. पीएच एकाने बदलला तर प्रोब जेमतेम 59 मिलिव्होल्टचा फरक दाखवतो, इतका हळू बोलतो तो. आणि शेजारचा टीडीएसवाला मोजण्यासाठी पाण्यात वीज सोडतो. शेजारी लाउडस्पीकर लावल्यावर कुजबुज कशी ऐकू येणार? उपाय साधा निघाला: एकाचं मोजून होईपर्यंत दुसऱ्याची वीज बंद. पण तो सापडेपर्यंत चौघांचे डोळे खोल गेले होते, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं.

म्हणून मार्चमध्ये नदीवर दुसरं भूत निघालं तेव्हा सगळ्यांना ते जुनंच वाटलं.

दर रविवारी सकाळी सात वाजता, त्याच जागी, तेवढ्याच खोलीवर मोजायचं, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. एका रविवारी टीडीएस हजाराच्या आत, नीट. पुढच्या रविवारी आकडा हजाराला जाऊन चिकटला तो हलेना. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा नीट. मग पुन्हा चिकटला. वायर बदलली, प्रोब बदलला, कोड तीनदा नव्याने लिहिला. लेकीने मला विचारलं, “बाबा, तुमच्या काट्यावर असं होतं का?” मी ज्येष्ठाच्या सुरात सांगितलं, होतं की, पावसाळ्यात प्लॅटफॉर्मखाली चिखल साचला की शून्य सरकतं, आधी शून्य तपासा. त्या सल्ल्यापायी बिचारी पोरं एक पूर्ण रात्र प्रोब धूत बसली. शून्य जागच्या जागी होतं.

हनुमान जयंतीच्या रविवारी आकडा नीट आला. गावात भंडारा होता, पोरं पोटभर जेवली, भूत गेलं म्हणाली. पुढच्या रविवारी आकडा पुन्हा हजारावर. सबमिशनला तीन दिवस उरलेले. बाइंडिंगवाल्याने सांगून ठेवलेलं, सोमवारी रात्रीपर्यंत मजकूर द्या, नाहीतर ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव रिपोर्ट, बुधवारी मिळणार नाही. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, चार प्रती. आठ महिन्यांच्या मेहनतीपेक्षा त्या सोनेरी अक्षरांचा धाक मोठा असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

ग्रुपमधला एक जण हळूच म्हणाला, “चांगल्या रविवारांची सरासरी काढू आणि बाकीच्या रविवारी टाकू. एक्स्टर्नल परीक्षक काय नदीवर जाणार आहेत?” हे वाक्य मला पाठ आहे. बाजारात ते जरा वेगळ्या शब्दांत येतं: आता कोण परत काटा करणार आहे? आमच्या भाषेने त्याला काटा मारणं असा सरळ शब्द ठेवलाय. मी तोंड उघडायला हवं होतं. पण बुधवार समोर दिसत होता, आणि पोरांचे चेहरेही. मी चहा करायला आत गेलो.

लेक मात्र डबा उचलून पुन्हा नदीवर गेली. काठावर एक म्हातारी शेळ्या चारत होती, गावातलीच, एकेकाळी घरची होडी होती म्हणे. तिने विचारलं, “काय शोधतं गो?” हिने सांगितलं, एक आड एक रविवारी यंत्र खोटं बोलतं. म्हातारीने पाण्याकडे पाहिलं नाही, बोटांवर काहीतरी मोजलं. “आज आठम हाय. आठमीला सकाली भरतीच असते गो. खारा पानी आत येतं, त्याला यंत्र काय करंल?”

हिशेब जुना आहे, आपल्या किनाऱ्यावर सगळीकडे चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. पंधराची सव्वाअकरा; म्हणजे पुनवेला नि अवसेला ती दुपारच्या तोंडाशी, आणि सकाळी नदीत नदीचंच पाणी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा येते, सात दिवसांत जवळजवळ सहा तासांनी. एका रविवारी सातला ओहोटी, तर पुढच्या रविवारी सातला भरती. रोज वेळ बदलून मोजलं असतं तर कधीच कळलं असतं. शिस्तीने सात वाजता मोजलं, त्या शिस्तीनेच झाकून ठेवलं.

घरी येऊन तिने खुर्चीवर चढून कालनिर्णय काढलं. 1973 पासून मराठी भिंतींवर असलेल्या या कॅलेंडरवर आमच्या घरात दूध, गॅस आणि मोलकरणीचे खाडे लिहिलेले असतात. खाड्यांच्या शेजारून ती एकेक रविवारची तिथी वाचत गेली आणि ग्रुपमधला चष्मेवाला मुलगा वहीत लिहीत गेला. आठ रविवार. चार अष्टमीच्या आसपासचे, चार पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे. आठच्या आठ जागेवर बसले. हॉलमध्ये इतका आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरून बेल वाजली.

मला मात्र लाज वाटली. भरती आणि पाऊस एकदम आले की कळंबोलीत पाणी तुंबतं, हे आम्ही दर जुलैत गॅलरीत उभं राहून एकमेकांना सांगतो. कोरड्या एप्रिलात भरती असते हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही, आणि मी तर वजनातला माणूस.

पण एवढ्याने काम झालं नव्हतं. त्यांचा टीडीएस प्रोब नळाच्या पाण्यासाठी बनवलेला, हजारापर्यंतच मोजणारा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35,000 मिलिग्रॅम क्षार असतात. खाडीचं पाणी थोडंफार मिसळलं तरी हा प्रोब हात टेकणारच. यंत्र खराब नव्हतं, लहान होतं. मोठा प्रोब आणायचा तर पुन्हा रविवार लागणार, आणि रविवार संपले होते.

तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एक गोष्ट सांगितली, या वेळी न विचारता. आमच्या काट्यावर क्षमतेपेक्षा जास्त वजन चढलं की पडद्यावर आकडा येत नाही, नुसत्या आडव्या रेषा येतात. तुमचा प्रोब हजार म्हणतो तेव्हा तो हजार नसतो, त्या रेषाच असतात. सरासरीवाला पोरगा बराच वेळ लॅपटॉपकडे बघत बसला. मग त्यानेच तक्ता उघडला.

ब्लॅक बुक बुधवारी वेळेवर गेलं. चौथी प्रत आमच्याकडे आहे, टीव्हीच्या वरच्या फळीवर. त्यातल्या तक्त्यात चार रविवारांपुढे टीडीएसचे आकडे आहेत. उरलेल्या चारांपुढे तिथी आहे, आणि इंग्रजीत एवढंच छापलंय: मोजमापाच्या मर्यादेबाहेर.