मोहाची पोळी : एका फुलाचा कागदोपत्री इतिहास

१/ मागे या मालिकेत मेईजी काळातील जपानविषयी लिहिताना तोक्योतील किमुराया या दुकानाच्या अनपानची, म्हणजे गोड सारण भरलेल्या पावाची, गोष्ट सांगितली होती. त्यावर एका वाचकाने विचारले होते, "आपल्या झाडीपट्टीत असे काही आहे का?" तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. गेल्या चैत्रात मार्कंडा पाहायला गेले आणि ते उत्तर ताटात वाढलेले मिळाले. आजचा धागा त्याविषयी आहे आणि थोडा माझ्याविषयीही.

२/ ज्यांनी तो धागा वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडी उजळणी. जपानमध्ये सारण भरलेल्या गोड पदार्थांची परंपरा जुनी आहे. १३४९ साली चीनमधून नारा येथे आलेल्या रिन जोइन याने मांजू हा वाफवलेला पदार्थ तेथे रुजवला, असे परंपरा सांगते. मूळ चिनी पदार्थात मांस असे. बौद्ध भिक्षूंना ते चालत नसल्याने त्याच्या जागी अझुकी या लाल कडधान्याचे सारण आले. शिजवून, घोटून, गोड केलेली डाळ म्हणजे आपल्या भाषेत पुरणच.

३/ पुढे १८७४ मध्ये किमुरा यासुबेई याने तेच सारण पाश्चात्त्य पद्धतीच्या पावात भरले. पाव फुगवायला त्याने वापरले ते साके या तांदळाच्या मद्याचे विरजण. ४ एप्रिल १८७५ रोजी चेरीच्या बहरात हा पाव सम्राट मेईजी यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्याच्या मध्यभागी खारवलेले चेरीचे फूल होते. मद्याचे विरजण आणि वर एक फूल, हे दोन तपशील लक्षात असू द्यावेत. पुढे त्यांची गरज पडेल.

४/ आता मार्कंडा. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी हा मंदिरसमूह उभा आहे. येथे नदी वळून उत्तरवाहिनी होते, म्हणून या जागेचे माहात्म्य. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात मध्यप्रांतात फिरला, तेव्हा त्याने या मंदिरांची सविस्तर नोंद केली. भिंतींवरील मूर्तींची दाटी पाहून लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मी मात्र जत्रा उलगल्यावर गेले होते. वाळूत पाय भाजत होते आणि देवळाच्या आवारात आम्ही दोघी सोडल्यास फारसे कुणी नव्हते.

५/ सोबत माझी वर्गमैत्रीण होती. तिचे गाव तिथून जवळच. दुपारी जेवायला तिच्या घरी गेलो. काकूंनी ताटात पोळी वाढली. वरून ती पुरणपोळीच दिसत होती. मोडली तेव्हा आतले पुरण गडद तपकिरी निघाले. पहिल्या घासाला गूळ वाटला, मग मनुकांसारखी चव आली, आणि शेवटी एक ओळखीचा वास नाकात शिरला. उन्हाळ्यात रानातल्या वाटेवरून जाताना येतो, तो.

६/ "काकू, यात मोह आहे?" मी विचारले. त्यांनी मान हलवली. आणि मग ज्याची मला आजही लाज वाटते तो प्रश्न माझ्या तोंडून गेला. "म्हणजे, चढणार नाही ना?" मैत्रीण हसली. काकू हसल्या नाहीत. तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या, "कायले भ्याचं माय? फूल होय ते. दारू मानसानं केली."

७/ काकूंची कृती साधी होती. वाळवलेली मोहफुले घ्यायची, आतले केसर झटकून काढायचे, फुले दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाफवायची आणि पाट्यावर वाटायची. शिजलेल्या चणाडाळीत गुळाऐवजी हा वाटलेला मोह घालून पुरण आटवायचे. वाळलेल्या फुलाच्या वजनातला सुमारे निम्मा भाग साखरेचाच असतो, त्यामुळे वेगळा गूळ लागत नाही. "गूळ इकत आनाव लागे. मोह दारात पडे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

८/ आता माझ्या प्रश्नाचे उत्तर, शास्त्राच्या अंगाने. मोहाच्या फुलात मद्य नसते; साखर असते. ती पाण्यात भिजत ठेवली, किण्वाने तिचे अल्कोहोल केले आणि ते भट्टीवर उकळून वाफ थंड केली, म्हणजे दारू होते. द्राक्ष, ऊस, तांदूळ, जव या सर्वांची कथा हीच आहे. द्राक्षाचा घड पाहून मात्र "चढेल का?" असे कुणी विचारत नाही. मोहाविषयीच हा प्रश्न का सुचतो, हा इतिहासाचा विषय आहे.

९/ हे फूल आपल्या वाङ्मयाला परके नव्हते. संस्कृतात त्याचे नाव मधूक. कालिदासाच्या रघुवंशात स्वयंवराला निघालेल्या इंदुमतीच्या हातातली वरमाला दूर्वा आणि मधूक फुलांची आहे. राजकन्येच्या हातातले फूल संशयित कसे ठरले, याचा माग काढायचा तर एकोणिसाव्या शतकातील आबकारीच्या कागदांकडे वळावे लागते.

१०/ ब्रिटिश सरकारला दारूवरील कर हवा होता. कर वसूल करायचा तर दारू ठरावीक भट्टीत आणि ठरावीक ठेकेदाराकडेच गाळली गेली पाहिजे. पण ज्या मुलखात प्रत्येक गावाभोवती मोहाची झाडे आहेत आणि दारू गाळायला मडके, नळी व चूल पुरते, तेथे हे जमावे कसे? मुंबई सरकारने उपाय शोधला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि दारूच्या आधी फुलावरच बंधने आली. फूल जवळ बाळगणे ही सरकारदरबारी चौकशीची बाब झाली.

११/ आपला चांदा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांतात होता. (गडचिरोली त्यातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.) येथे दुसरा कायदा महत्त्वाचा ठरतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची व्याख्या आहे. काही वस्तू जंगलात मिळाल्या तरच वनोपज ठरतात. काही मात्र जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच. या दुसऱ्या यादीत इमारती लाकूड, कोळसा, लाख यांच्यासोबत मोहाचे फूल आणि मोहाचे बी आहे. स्वतःच्या बांधावरच्या झाडाखाली पडलेले फूलही कायद्याच्या दृष्टीने वनोपज!

१२/ स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. त्यात मोहफुलांवर नियंत्रण होते. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदा इकडेही लागू झाला. राज्यकर्ते बदलले, हेतूही बदलला. पूर्वी महसूल होता, आता लोकहित होते. फुलाकडे पाहण्याची नजर तेवढी तीच राहिली. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करण्यावरची व बाळगण्यावरची ही बंधने उठली ती २०२१ मध्ये.

१३/ येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर हा धागा दारूच्या बाजूने लिहिल्यासारखा वाटेल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नाही. गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, ती लढून मिळवली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, २०२१ मध्ये ती उठवली गेली, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. काकू स्वतः त्या लढ्याच्या काळात नव्याने लग्न होऊन आलेल्या. गावातल्या भट्ट्या फोडणाऱ्या बायकांत त्या होत्या. दारूने त्यांच्या घरातले एक माणूस नेले. तरीही त्यांच्या माळ्यावर मोहाची टोपली आहे. दारू आणि फूल यांतला फरक त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. तो मला, पदव्युत्तर वर्गात इतिहास शिकणाऱ्या मुलीला, शिकावा लागला.

१४/ गेले वर्षभर मी अभ्यासासाठी मध्यप्रांताचे जुने अहवाल चाळते आहे. मी पाहिलेल्या कागदांत मोह तीन ठिकाणी भेटतो. आबकारीच्या अहवालात तो दारूचा कच्चा माल असतो. वनखात्याच्या अहवालात गौण उत्पन्न असतो. दुष्काळाच्या, विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या, कागदांत तो उपाशी माणसाचा आधार असतो. गुन्हा, महसूल आणि भूक. कुणाला तो आवडत होता, सणाला कुणी त्याची पोळी करत होते, तिळासोबत कुटून लाडू वळत होते, हे मला एकाही पानावर सापडले नाही. कारकुनाला ते नोंदवण्याचे कारण नव्हते. आम्ही कागद वाचणारे मात्र नोंद नाही म्हणजे गोष्टच नाही, असे सहज धरून चालतो.

१५/ आणि आता जे सांगायला हा धागा लिहिला ते. माझी आजी ब्रह्मपुरीकडची. आमचे घर नागपुरात आल्यावरही तिच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असे. त्यात तांबूस, सुरकुतलेली फुले असत. हिवाळ्यात ती मूठभर फुले तव्यावर भाजून तीळ घालून कुटायची आणि मला द्यायची. मी दुसरीत असताना हे शाळेत सांगितले. पोरे हसली. "तुझी आजी दारू खाते" असे आठवडाभर चालले. मी घरी येऊन आजीवर ओरडले, की तो डबा फेकून दे, मला तुझी लाज वाटते.

१६/ आजी काही बोलली नाही. डबा फळीवरून गेला. त्यानंतर आमच्या घरात मोह कधी आला नाही. आजीला जाऊन सहा वर्षे झाली. तिचे बालपण कसे गेले, त्या फुलांनी तिला कोणत्या वर्षी जगवले, की तिला ती निव्वळ आवडत होती, हे विचारायचे राहून गेले. मौखिक इतिहासाच्या तासाला आम्हाला प्रश्न कसे विचारावेत ते शिकवतात. माझ्या घरातली एकुलती साक्षीदार मी सातव्या वर्षी गप्प केली होती.

१७/ काकूंच्या चुलीपुढे तो वास आला, तेव्हा मला आधी डबा आठवला आणि मगच मोह हे नाव सुचले. तरी तोंडातून निघाला तो शाळेतल्या पोरांचाच प्रश्न. १८९२ च्या कायद्याने जी नजर घडवली, ती वर्गातल्या चिडवण्यातून माझ्यापर्यंत पोचली होती, आणि कायदा रद्द झाला तरी ती माझ्यातून गेली नव्हती.

१८/ आता ते दोन तपशील. साकेच्या विरजणाने फुगवलेला, फूल खोचलेला पाव सम्राटापुढे ठेवला जातो आणि देशाचा अभिमान होतो. त्याला कुणी मद्य म्हणत नाही. इकडे ज्या पुरणात मद्याचा थेंबही नाही, त्याला खुलासा द्यावा लागतो. दोन्हीकडे डाळ आहे, गोडवा आहे, फूल आहे. फरक पडला तो ते फूल कुणाच्या हातात होते याने. तिथे ते दरबाराच्या हातात होते. इथे ते पहाटे अंधारात, वाघाचे भय असताना, टोपली घेऊन रानात जाणाऱ्या बाईच्या हातात आहे. दर उन्हाळ्यात मोह वेचताना माणसे मारली गेल्याच्या बातम्या आपण याच दोन जिल्ह्यांतून वाचतो आणि पुढचे पान उलटतो.

१९/ निघताना काकूंनी जुन्या साडीच्या फडक्यात पसाभर मोह बांधून दिला. मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. नागपूरला आल्यावर मी तो पत्र्याच्याच डब्यात भरला आणि फळीवर ठेवला. पोळी दोनदा करून पाहिली. पुरण सैल झाले, पोळी फाटली. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीळ कमी पडले." लाडूत तीळ असतात, पोळीत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

२०/ तुमच्या घरी, आजोळी, मोहाचे काय करीत असत? भाकरीत घालत, भाजून खात, लाडू वळत, की कुणाला सांगू नका म्हणत? जे आठवेल ते खाली लिहा. शक्य असेल तर गाव आणि साधारण साल लिहा. घरात अजून कुणी सांगणारे असेल, तर आज संध्याकाळीच विचारा. धागा येथे संपतो.