जुन्या रेडियमचा रंग

दोन वर्षांपूर्वी मी एक घड्याळ घेतले. ओरिस या स्विस कंपनीचे 'डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्ह'. नावातले साल 1965. त्या वर्षी या कंपनीने पाणबुड्यांसाठी एक घड्याळ काढले होते. त्याच्या रूपावरून 2015 साली हे नवे बेतले गेले. मूळ घड्याळ 36 मिलिमीटर व्यासाचे, माझे 40 चे. मूळची काच प्लॅस्टिकची होती. आता ती सफायरची आहे, पण जुन्या काचेसारखी मुद्दाम फुगीर ठेवली आहे. शंभर मीटर खोलीपर्यंत त्यात पाणी शिरणार नाही अशी हमी आहे. मला पोहता येत नाही.

हे घड्याळ कशासाठी घेतले, असे सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा मी त्यांना काचेभोवतीची फिरती कडी दाखवली. पाण्यात उतरताना तिच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे किती मिनिटे गेली ते कडीच सांगते. पहिल्या काळातल्या बऱ्याच घड्याळांची कडी दोन्ही बाजूंना फिरे. आताची एकाच बाजूला, उलट्या दिशेने फिरते. त्यामागे एक शहाणपण आहे. चुकून धक्का लागून कडी सरकलीच, तर गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो आणि पाणबुडा लवकर वर येतो. चूक होणारच, पण ती जीव वाचवणारी असावी, ही कल्पना मला फार आवडली. मी त्या कडीवर पर्यवेक्षणाची शेवटची दहा मिनिटे मोजतो. खऱ्या पाणबुड्यांनी हे काम केव्हाच मनगटावरच्या संगणकाकडे सोपवले आहे.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी भुललो तो कडीला नव्हे, रंगाला. काट्यांवरचा आणि खुणांवरचा अंधारात चमकणारा लेप पांढरा नाही. जुन्या कागदासारखा पिवळसर आहे. या रंगच्छटेला धंद्यातले नाव आहे 'ओल्ड रेडियम', जुने रेडियम. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कशालाही रेडियमच म्हणतात, अगदी गाडीच्या नंबरप्लेटवरच्या कागदालाही. घड्याळांवर मात्र एके काळी खरोखरच रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तरुण मुली तबकड्यांवरचे आकडे त्या लेपाने रंगवत. कुंचल्याचे टोक अणकुचीदार राहावे म्हणून ते ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडे झिजली, अनेकजणी दगावल्या. पाच जणींनी कंपनीविरुद्ध लढवलेला खटला 1928 साली तडजोडीने मिटला. नंतर रेडियमच्या जागी ट्रिटियम आले. तेही किरणोत्सारी, पण सौम्य. असे लेप वर्षानुवर्षे तबकडीवर राहून पिवळे पडत. आजचा लेप किरणोत्सारी नाही. तो काही आपणहून तसा पिवळा पडत नाही. म्हणून त्यात कारखान्यातच रंग मिसळतात. म्हणजे माझ्या मनगटावर म्हातारपणाचा रंग आहे. त्यामागचे विष नाही आणि त्यामागची वर्षेही नाहीत.

वर्गात मी मर्ढेकर शिकवतो तेव्हा सांगतो की जुना घाट घेणे म्हणजे मागे जाणे नव्हे. 1947 च्या 'काही कविता'मध्ये त्यांनी ओवी-अभंगाचा घाट घेतला आणि त्यात यंत्रयुगातले जगणे भरले. घाट जुना, ताण आजचा. माझ्या घड्याळाची बाजू मांडताना हेच उदाहरण मी स्वतःला अनेकदा दिले आहे. ते पुरते लागू पडत नाही, हेही मला ठाऊक आहे. मर्ढेकरांनी आपल्या ओळींना कृत्रिम पिवळेपणा दिला नव्हता.

आणि खरे जुनेपण जेव्हा माझ्या हाती होते, तेव्हा मी त्याचे काय केले?

अण्णांचे घड्याळ एचएमटीचे, 'जनता'. रोज सकाळी चावी द्यायचे. बंगळूरच्या ज्या कारखान्याने 1961 साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली, त्याची ही साधी, टिकाऊ चीज. ती कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. त्याच वर्षी अण्णा गेले. घड्याळ बंद पडले होते. तबकडी पिवळी झालेली, चाराच्या आकड्याजवळ तपकिरी डाग. मी ते शहरातल्या एका कारागिराकडे दिले आणि म्हणालो, "नव्यासारखं करून द्या." त्याने माझे शब्द पाळले. तबकडी पुन्हा रंगवली, आकडे नव्याने छापले, कवच घासून लखलखीत केले. जुन्या घड्याळांचे शौकीन अशा नव्याने रंगवलेल्या घड्याळांना काहीशा कुत्सितपणे 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. दोष त्या कारागिराचा नव्हता.

मी ते कौतुकाने आईला दाखवले. तिने उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "डाग कुठं गेला?"

मग तिने सांगितले. मी पहिलीत होतो. शाळा सुटेपर्यंत ओढ्याला पाणी आले होते. अण्णांनी मला पाठकुळी घेतले आणि ते बुडालेल्या फरशीवरून कमरेइतक्या पाण्यातून अलीकडे आले. घड्याळात पाणी गेले. "हात वर धरायचा होता, असं मी म्हटलं," आई म्हणाली. "तर म्हणाले, दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले होते." घड्याळ नंतर सुकवून पुन्हा चालू झाले, डाग राहिला. तीस वर्षे तो त्यांच्या मनगटावर होता. मी तो पुसायला पैसे मोजले आणि पुढे काही वर्षांनी, त्याहून कितीतरी जास्त पैसे मोजून, तसलाच पिवळेपणा विकत आणला. त्या दोन व्यवहारांचा काही संबंध आहे, हे मला घड्याळ घेताना जाणवले नव्हते. आता वाटते की मी तेच भरून काढू पाहत होतो.

नवे घड्याळ मी टाकलेले नाही. ते मला आवडते. फक्त त्याच्याविषयी बोलताना 'जुने' हा शब्द मी वापरत नाही.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन गावी गेलो होतो. ओढ्यावर आता उंच पूल आहे. पुलावर उभे होतो आणि सर आली. एका हातात आईवर धरलेली छत्री होती. दुसरा हात मी नकळत सदऱ्याखाली लपवला. आईने पाहिले.

"ते पाण्यातलंच आहे ना?" तिने विचारले.

मी हात बाहेर काढला.